वीसपैकी वीस

१ जुलै, मंगळवार

आज कॉलेजचा पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. शिकायला गेले होते, शाल घेऊन परत आले.

विद्यापीठाने यंदा साठीच्या पुढच्यांसाठी विनाशुल्क अभ्यासक्रम काढले आहेत. आमच्या मुलुंडच्या कॉलेजात तर्कशास्त्र आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. आम्ही दहाबाराजण आहोत. वर्गात शिरले तर फळ्यावर रंगीत खडूने ‘आमचे लाडके आजी-आजोबा’. मग हर्षद खानविलकर आले, ते या योजनेचे समन्वयक. त्यांनी एकेकाला पुढे बोलावून खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटो काढला. त्यातच तास संपला. तर्कशास्त्र हा शब्द फक्त मागच्या बॅनरवर होता.

मी त्यांना विचारलं, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही तुम्ही नारळ देता का? ते हसले आणि म्हणाले, राणेकाकू, तुमचे आशीर्वाद हवेत आम्हाला. आशीर्वादच द्यायचे असते तर मी घरी बसून दिले असते. रिक्षा कशाला करू?

नारळ बघून सर्वेश म्हणाला, चला, सोलकढीची सोय झाली. हा माझा मुलगा. श्रुतिका, म्हणजे सून, काही बोलली नाही. ती समंजस आहे, माझं म्हणणं तिला पटतं. लग्न होऊन आल्यापासून आमच्यात एकदाही वाद झालेला नाही. असं सांगणारी सासू आमच्या सोसायटीत दुसरी शोधून दाखवा.

मी का जातेय ते इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगितलं तर लोक हसतील. औषधांच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं होतं. इंजेक्शनची बाटली दिव्यासमोर धरायची, आत कण दिसला की बाजूला काढायची. सुपरवायझर म्हणायचे, राणेबाई, एवढं काय बघता, जाऊ द्या. मी जाऊ देत नसे. तिथे मला भांडखोर म्हणत. माहेरी भाऊ म्हणायचा, नवरा होता तोपर्यंत तोही म्हणायचा. मी म्हणायचे, मी भांडत नाही, मुद्द्याचं बोलते. आता या वयात एकदा कळायला हवं की माझ्यात खरंच डोकं आहे की नुसताच राग आहे. ते सांगायला घरचं माणूस चालत नाही. तिऱ्हाईत माणूस हवं, आणि त्याच्या हातात माझा पेपर हवा. वर्षाखेरीस पास झालं तर पुढच्या वर्षी बी.ए.च्या मुलांबरोबर बसता येतं. मला तिथे बसायचंय.

४ जुलै, शुक्रवार

शिकवायला प्रांजल नावाची पोरगी आहे. घाटकोपरहून येते. कॉलेजात कायम नाही, तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास घेईल तितकेच पैसे. बाकीचे तिला मॅडम म्हणतात. माझ्या नातीच्या वयाची आहे, मी कशाला मॅडम म्हणू?

सुरुवात बरी केली. दोन विधानं घ्यायची, त्यातून तिसरं काढायचं. तिसरं खरोखर त्या दोनांतून निघतं का ते बघायचं. मग म्हणाली, कोणी उदाहरण द्या. कोणी उठेना, म्हणून मी उठले. म्हटलं, “सगळी प्रामाणिक माणसं तोंडावर बोलतात. मी तोंडावर बोलते. म्हणून मी प्रामाणिक आहे.”

तिने ते फळ्यावर लिहून घेतलं आणि त्यावर आडवी काट मारली. म्हणाली, “हे चूक आहे, काकू. याच मापाने बघा. सगळ्या मांजरांना चार पाय असतात. टेबलाला चार पाय आहेत. म्हणून टेबल मांजर आहे, असं होईल.”

वर्ग हसला. माझ्या शेजारी कुंडलिक जाधव बसतात, वीज कंपनीत लाइनमन होते, भांडुपला राहतात. तेही हसले. म्हणजे भर वर्गात मी अप्रामाणिक ठरले, वर टेबल ठरले. मी जागच्या जागी सांगितलं, बोलायची ही पद्धत नव्हे, माझ्या वयाचा तरी विचार कर. तिचा चेहरा उतरला. उतरू दे.

तास संपल्याबरोबर मी निघाले. रात्रीचं जेवण गेलं नाही.

५ जुलै, शनिवार

खानविलकरांकडे जाऊन आले. ते निघाले कणकवलीचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. चहा मागवला. मी सगळं सांगितलं. लेखी देणार होते, ते म्हणाले गरज नाही, मी बघतो, ज्येष्ठांचा अपमान आमच्याकडे खपवून घेतला जाणार नाही. माणूस बोलायला बरा आहे. शाल सोडली तर माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

८ जुलै, मंगळवार

पोरगी सुधारली. आज एकदाही कोणाला चूक म्हणाली नाही. कोणी काही उत्तर दिलं की म्हणायची, छान विचार केलात, आता आणखी एका बाजूने बघू. बोलल्याचा उपयोग होतो तो असा. लोक उगाच गप्प बसतात.

२९ जुलै, मंगळवार

विषय मजेशीर आहे. टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या की मी आता माणसांचे तर्कदोष काढते. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, टाकी दुरुस्त करायला नको, आजवर कधी गळली नाही. मी उभी राहून सांगितलं, आजवर मीही कधी मेले नाही. घरी येऊन श्रुतिकाला हे सांगितलं, ती म्हणाली, बरोबर आहे आई.

कुंडलिकराव तास संपल्यावर प्रांजलशी बोलत बोलत बसस्टॉपपर्यंत जातात. एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे. म्हातारपणी माणसाला कोणीतरी लागतं बोलायला. मला तशी गरज पडत नाही, मी तास संपला की पहिली बाहेर पडते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पहिल्या चाचणीचे पेपर मिळाले. मला वीसपैकी वीस. खाली लिहिलंय, ‘खूप छान, काकू.’ मला इतका आनंद झाला की मी तो पेपर पिशवीत न ठेवता हातातच धरला.

मग पाहिलं तर कुंडलिकरावांना वीसपैकी वीस. पलीकडच्या बाईंना वीसपैकी वीस. त्या बाई चाचणीच्या वेळी निम्मा वेळ डोळ्यात थेंब घालत होत्या, दोन प्रश्न सोडूनच दिले होते त्यांनी, मी बघितलंय. त्यांनाही ‘खूप छान’.

एकाही बाटलीत कण सापडला नाही, असं ज्या दिवशी कोणी लिहून द्यायचं, त्या दिवशी आम्ही समजायचो की आज कोणी दिव्यासमोर बसलंच नाही. वीस मार्कांचा आनंद घरी पोचेपर्यंत टिकला नाही. सर्वेशला सांगितलं तर म्हणाला, मिळाले ना, मग झकास, घे ना यार आई. यार म्हणतो आईला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज दुसरी चाचणी होती. मी मुद्दाम एक उद्योग केला. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात मधोमध उकडीच्या मोदकांची कृती लिहिली. उकड कधी उतरवायची, पारी का फाटते, कळ्या कशा पाडायच्या, सगळं. मग पुन्हा दोन ओळी तर्काच्या. गणपती नुकतेच गेलेत, हातात होतंच सगळं. बाकीचे प्रश्न मन लावून सोडवले. बघू या आता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वीसपैकी वीस. ‘खूप छान, काकू.’ मोदकांच्या बाजूला एक टिकमार्क.

मी वर्गात काही बोलले नाही. बोलले असते तर टेबल उलटं झालं असतं. घरी येऊन पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटली. श्रुतिकाने विचारलं काय झालं. मी सांगितलं, ती म्हणाली, हो आई, असं नको होतं करायला त्यांनी. निदान हिला तरी कळतं.

म्हातारं माणूस म्हणजे काय, कुलदैवत आहे? हळदकुंकू लावायचं आणि बाजूला व्हायचं? मी एवढा अभ्यास करते, रात्री डोळे दुखतात, आणि ही पोरगी वाचतसुद्धा नाही. कामचुकार. मोफत आहे ना, मग काहीही चालतं. आम्ही काय शाली वाळत घालायला येतो का?

आणि मुख्य गोष्ट तशीच राहिली. मला येतं की येत नाही, हे मला अजून माहीत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. कॉलेजात कार्यक्रम आहे. पुन्हा शाल. विद्यापीठातून पाहुण्या येणार आहेत. खानविलकरांनी ज्येष्ठांच्या वतीने बोलायला मला सांगितलंय. म्हणाले, तुमचं बोलणं खणखणीत असतं, दोन शब्द कौतुकाचे बोला. मी हो म्हटलं. आजवर एवढ्या चटकन मी कशालाच हो म्हटलं नसेल.

कुंडलिकरावांना सांगितलं की मी काय बोलणार आहे. ते म्हणाले, ताई, आधी तिच्याशीच बोलून घ्या ना एकदा, बाहेर, चहा घेताघेता. मी म्हटलं, चहा पीत तडजोडी करायच्या असतील तर तुम्ही करा.

१ ऑक्टोबर, बुधवार

बोलले.

आधी गाणं झालं, मग शाली झाल्या. मग माझं नाव पुकारलं. मी पेपर उघडला आणि चौथं उत्तर वाचायला सुरुवात केली. मोदकांशी पोचले तेव्हा लोकांना वाटलं मी भलताच कागद आणलाय. मग हसू फुटलं. पाहुण्या बाई पण हसल्या. मी कागद उलटा करून मार्क दाखवले आणि हसणं थांबलं.

मग मी तीन ओळींत मांडलं, शिकवलंय तसंच. “कामचुकार शिक्षक पेपर वाचत नाहीत. आमचे पेपर वाचलेले नाहीत. म्हणून आमच्या शिक्षिका कामचुकार आहेत.” आणि म्हटलं, आम्हाला शाल नको, आम्हाला नापास करा, पण वाचून करा.

टाळ्या पडल्या. चांगल्या दणदणीत. पाहुण्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि मागे वळून खानविलकरांना काहीतरी विचारलं. खानविलकर घाम पुसत होते. प्रांजल दाराजवळ उभी होती, शालींचा गठ्ठा हातात धरून. ती फळ्याकडे बघत होती, फळ्यावर तर काहीच लिहिलेलं नव्हतं. नंतर ती कुठे दिसली नाही.

जिने उतरताना पाय हलके होते माझे. इतकं स्वच्छ आणि सरळ मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तीन ओळी, बस.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रांजल आली नाही. खानविलकर स्वतः आले. म्हणाले, राणेकाकूंच्या सूचनेची विद्यापीठाने गंभीर दखल घेतली आहे, अभ्यासक्रमात बदल केलाय. आता या बॅचला तर्कशास्त्राऐवजी ‘आनंदी वार्धक्य’ ही व्याख्यानमाला. चाचण्या बंद, परीक्षा बंद. शेवटी सर्वांना प्रमाणपत्र. ताण नको, असं म्हणाले. मग एक बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला हात वर करून हसायला लावलं.

मी हात वर केले नाहीत. मी विचारलं, मग पुढच्या वर्षीच्या बी.ए.चं काय? ते म्हणाले, काकू, आता कशाला दगदग करता, मजा करा.

त्यांचा गळा दाबावासा वाटला. मी मागितलं काय आणि यांनी दिलं काय. ती पोरगी तरी निदान फळ्यावर लिहायची.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हसण्याच्या तासाला गेले नाही. कुंडलिकरावांना कॉलेजच्या फाटकावर गाठलं. विचारलं, प्रांजल कुठे आहे? ते म्हणाले, तिचे सगळे तास काढून घेतले. आपलेच नाही, पहिल्या वर्षाचेही. आपल्या बॅचचं तिला काही मिळत नव्हतं, तो तास ती फुकट घेत होती, पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास टिकावेत म्हणून.

मी म्हटलं, पेपर न वाचणाऱ्याचं असंच व्हायला हवं. ते आत निघाले होते, थांबले. मग म्हणाले, “वाचायची ती. ओळन् ओळ. मला बसस्टॉपवर सांगायची, जाधवकाका, तिसऱ्यात इथे घसरलात, पाचव्यात तिथे घसरलात. मी घरी जाऊन पुन्हा सोडवायचो. इतरांनाही सांगायची, जे थांबायचे त्यांना.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला कोण सांगणार, ताई?”

हे बोलून ते आत गेले, हसायला. मी फाटकापाशी उभी राहिले. एवढा राग आला होता, पण नेमका कोणावर ते ठरेना. कुंडलिकरावांवर असेल. सगळं माहीत असून गप्प बसला हा माणूस.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घाटकोपरला गेले होते. पत्ता कुंडलिकरावांनी दिला. तिच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये ती संध्याकाळी दहावीच्या मुलांचे वर्ग घेते. चपला बाहेर काढल्या, आत गेले. पोरं सुटत होती. तिने मला पाहिलं आणि खडू खाली ठेवला. बसा म्हणाली नाही. पहिल्यांदाच.

मी जाब विचारायला गेले होते, खोटं कशाला लिहू. म्हटलं, तुला माझ्या चुका दिसत होत्या तर माझ्या पेपरवर का लिहिल्या नाहीस?

ती शांतपणे बोलली. “पहिल्याच आठवड्यात लिहिली होती एक, फळ्यावर. तुम्ही सरांकडे गेलात. सरांनी मला बोलावून सांगितलं, ज्येष्ठांना चूक म्हणायचं नाही, लाल पेन वापरायचं नाही, सगळ्यांना पूर्ण मार्क द्यायचे. पुन्हा तक्रार आली तर तास बंद.” मग म्हणाली, “आणि मोदक मी तेव्हाच वाचले होते. घरी आईलाही वाचून दाखवले. आम्हाला वाटलं, काकूंनी गंमत केली. म्हणून टिक केली.”

पिशवीत तोच मोदकांचा पेपर होता, तो मी काढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, आता तपास. आता तुला कोण काय करणार आहे?

ती म्हणाली, हो, आता काय करणार आहे कोणी. आणि तिने लाल पेन घेतलं.

तिने माझ्यासमोर तपासला. पहिल्या प्रश्नावर काट. दुसऱ्यात अर्धं बरोबर. तिसऱ्यावर काट पडली तेव्हा मी तोंड उघडलं. कशाला उघडलं ते मलाही कळलं नाही, आपोआप उघडलं. तिने पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं, वाट बघत. तिला ओरडा अपेक्षित होता. मी तोंड मिटलं. ती पुढे गेली. मोदकांशेजारी ‘विषयांतर’ लिहिलं. शेवटी वर्तुळ काढून आत सात लिहिलं.

वीसपैकी सात. मी नापास आहे.

मी विचारलं, मी आठवड्यातून एकदा इथे येऊ का, मागे बसेन पोरांच्या. ती म्हणाली, “नाही, काकू. मला नाही जमणार.” आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत. पेपर माझ्या हातात दिला आणि फळा पुसायला लागली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून पेपर घेऊन बसलेय. सात फार कमी आहेत. तरी पहिल्या प्रश्नातली चूक कळली, ती अगदीच बावळट चूक आहे. दुसरी पण कळली. तिसरी कळत नाही, आणि त्यावरून डोकं उठलंय.

प्रश्न असा आहे. काही मुंबईकर शिक्षक आहेत. काही शिक्षक गातात. म्हणून काही मुंबईकर गातात. हे बरोबर की चूक? मी लिहिलं बरोबर. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक बाई गातात, वर शिक्षिका आहेत. प्रांजलने काट मारून लिहिलंय, ‘शेवटचं विधान खरं असेल, पण वरच्या दोन्हींतून ते निघत नाही.’ खरं आहे तर निघत का नाही? दुपारपर्यंत चार वेळा लिहून काढलं. कोणाला तरी विचारल्याशिवाय सुटणार नाही हे.

श्रुतिका भाजी चिरत होती. बी.एस्सी. झालीय, डोकं तिचं चांगलं आहे. मी पेपर तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, हे तिसरं उत्तर जरा बघ गं, बरोबर आहे का?

तिने सुरी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले, कागद घेतला. ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं केलं. म्हणाली, “बरोबर आहे, आई.”

मी म्हटलं, नीट बघ. म्हणाली, नीट बघितलं, बरोबरच आहे. तेवढ्यात सर्वेश आला, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने कागद हातात न घेताच मान डोलावली. बरोबर आहे गं आई, तू लिहिलंयस ना.

लाल काट तिच्या बोटाखालीच होती.